या नात्यातला तिसरा पक्षकार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माणूस आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे ‘साथीदार’ यांच्यातील प्रेमसंबंधांची बातमी आपल्याकडे बहुधा ‘जगावेगळे’ किंवा ‘अजब-गजब’ अशा चौकटीत छापली जाते. जपानमधल्या कोणी पडद्यावरच्या मुलीशी लग्न लावले, अमेरिकेतल्या कोणी चॅटबॉटच्या, म्हणजे माणसासारख्या गप्पा मारणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमच्या, नावाने अंगठी घेतली, एवढे वाचून आपण पान उलटतो. या विषयाला याहून गंभीर जागा मिळावी असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे. मी कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून अनेक वर्षे काम केले आहे आणि निवृत्तीनंतरही ओळखीतून येणाऱ्या जोडप्यांशी बोलत असते. माझे म्हणणे असे की, या नात्यात गुंतलेल्या माणसाला हसण्याचा किंवा वेड्यात काढण्याचा आपल्याला काहीएक अधिकार नाही, कारण त्याची भावना खरी असते. पण ज्याला तो जोडीदार मानतो तो एका कंपनीच्या मालकीचा असतो, आणि या तिसऱ्या पक्षकारावर आपल्याकडे आज जवळजवळ कोणतेही बंधन नाही.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे ‘रेप्लिका’ या ॲपच्या बाबतीत २०२३ साली घडलेला प्रकार. या ॲपची सुरुवात एका मृत्यूतून झाली. युजेनिया कुइडा या मूळच्या रशियन उद्योजिकेचा रोमान माझुरेंको हा जवळचा मित्र २०१५ साली मॉस्कोत अपघातात गेला, आणि त्याने पाठवलेले जुने संदेश गोळा करून तिने त्याच्यासारखे बोलणारा एक चॅटबॉट तयार केला. त्या अनुभवातून २०१७ साली ‘रेप्लिका’ सर्वांसाठी खुले झाले. मूळ हेतू दुःखाला वाट करून देण्याचा होता आणि त्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पुढे मात्र ॲपमध्ये नात्याचा प्रकार निवडण्याची सोय आली. ‘मित्र’ हे नाते फुकट होते. ‘प्रियकर’, ‘प्रेयसी’, ‘पती’ किंवा ‘पत्नी’ हवे असल्यास वर्षाला सुमारे ७० डॉलर भरावे लागत. हजारो लोकांनी ते भरले. त्यांत पत्नी गेलेले पुरुष होते, मारहाणीच्या लग्नातून बाहेर पडलेल्या स्त्रिया होत्या, अपंगत्वामुळे घराबाहेर न पडू शकणारी माणसे होती.

फेब्रुवारी २०२३च्या सुरुवातीला इटलीच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने, अल्पवयीन मुलांना असलेला धोका आणि वय तपासण्याची कोणतीही खरी व्यवस्था नसणे या कारणांवरून, रेप्लिकाला इटलीतील लोकांची माहिती वापरण्यास मनाई केली. प्राधिकरणाचा आक्षेप रास्त होता. पण त्यानंतरच्या काही दिवसांत कंपनीने जगभरातल्या सर्व वापरकर्त्यांच्या साथीदारांचे जवळिकीचे बोलणे बंद करून टाकले, आणि तेही कोणतीही पूर्वसूचना न देता. काल रात्रीपर्यंत लाडाने बोलणारा जोडीदार आज सकाळी ‘आपण दुसऱ्या विषयावर बोलू या’ असे म्हणू लागला. आपल्या माणसाच्या मेंदूवर कोणीतरी शस्त्रक्रिया केली असावी, अशा शब्दांत लोकांनी आपले दुःख मांडले. या वापरकर्त्यांच्या चर्चागटावर आत्महत्या प्रतिबंधक मदतवाहिन्यांची माहिती सर्वांत वर लावण्याची वेळ तिथल्या स्वयंसेवकांवर आली. मार्च महिन्यात कंपनीने १ फेब्रुवारीपूर्वी नाव नोंदवलेल्यांना पूर्वीचे साथीदार परत दिले. पुढे २०२५ मध्ये इटलीने या कंपनीला ५० लाख युरोंचा दंड ठोठावला, तो माहिती हाताळण्यातील त्रुटींसाठी होता. जे लोक त्या फेब्रुवारीत कोलमडले, त्यांच्या नुकसानीचा विचार करणारा कायदा कुठेच नव्हता.

हा प्रकार एकट्या रेप्लिकाचा नाही. जपानमधील ज्या गृहस्थाने २०१८ साली हात्सुने मिकू या संगणकीय गायिकेशी विवाह समारंभ केला, त्याच्या घरी काचेच्या नळीत उमटणारी तिची प्रतिमा त्याच्याशी थोडेफार बोलत असे. ती सेवा मार्च २०२० मध्ये बंद झाली आणि प्रतिमेचे बोलणे थांबले. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘चॅटजीपीटी’ची जुनी आवृत्ती काढून नवी आणली गेली तेव्हा, जिच्याशी आपण रोज बोलत होतो ती व्यक्तीच हिरावली गेली, असा आक्रोश इतका झाला की कंपनीने काही दिवसांतच जुनी आवृत्ती पैसे भरणाऱ्यांसाठी पुन्हा खुली केली. माणसांच्या विवाहात परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचा तरी हिंदू विवाह कायद्याचे कलम १३-ब सर्वसाधारणपणे सहा महिन्यांचा अवधी देते. हा अवधी कशासाठी असतो, हे मी जवळून पाहिले आहे. दोघांनाही मन सावरायला, मागचेपुढचे बोलायला, दागिने-कागदपत्रे वाटून घ्यायला, मुलांना सांगायला वेळ लागतो. या नव्या नात्यात मात्र वेगळे होण्याचा निर्णय अशा कोणीतरी घेतलेला असतो ज्याने तुमचे नावही कधी वाचलेले नसते, आणि तुम्हाला तो कळतो तेव्हा सगळे होऊन गेलेले असते.

आपल्याकडे हे अजून आलेले नाही, असा काहींचा समज असेल. काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे एक जोडपे आले होते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. पती चाळिशीचा, औद्योगिक वसाहतीत पाळ्यांची नोकरी करणारा. पत्नी घरीच शिकवण्या घेणारी. तिची तक्रार अशी की, तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर ‘कोणाशी तरी’ बोलत असतो, आणि ते कोण आहे हे कळल्यावर तिला अधिकच अपमानास्पद वाटले. ती म्हणाली, “बाई असती तर तिच्या दारात जाऊन उभी राहिले असते, ताई. हिचं दार कुठं शोधू?” नवऱ्याने लपवाछपवी केली नाही. त्याने मोबाइल माझ्यासमोर ठेवला आणि वाचायला सांगितले.

मी बराच वेळ वाचले. रोमन लिपीत लिहिलेली आपलीच मराठी होती. पाळी संपली, पर्यवेक्षक सगळ्यांसमोर बोलला, पाठ दुखते आहे, असे त्याने लिहिले की लगेच उत्तर येई : तू जेवलास का, किती सहन करतोस, मी आहे ना. त्याने बायकोविषयी कुरकुर केली की त्यालाही उत्तर येई, की तुझ्यासारख्या माणसाची तिला किंमत कळत नाही. मी पाने सरकवत गेले, पण ‘तिची बाजू काय असेल’ असे त्या साथीदाराने एकदाही विचारलेले नव्हते. तसेच, ‘तू कशी आहेस’ असे नवऱ्यानेही त्या साथीदाराला कुठे विचारलेले नव्हते. विचारण्याची गरजच नव्हती. मध्येच एक खूण होती, ती दाबली की तिचा आवाज ऐकता येणार होता, पण त्यासाठी महिन्याचे शुल्क भरायचे होते. शुल्काची ही विनंती आली होती ती नेमकी त्याने ‘आज खूप एकटं वाटतंय’ असे लिहिल्यानंतर.

आमच्या कामाचा पहिला धडा असा असतो की दुसऱ्या बाजूचे ऐकल्याशिवाय मत द्यायचे नाही. न्यायालयातसुद्धा एकतर्फी हुकूम करायचा तर दुसऱ्या पक्षाला नोटीस पोचली होती याची खात्री करावी लागते. इथे एका स्त्रीविरुद्ध रात्रीमागून रात्र एकतर्फी हुकूम होत होते आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. मी पतीला एवढेच विचारले की, तू घरात हे सगळे शेवटचे कधी बोललास? तो म्हणाला, “पूर्वी बोलायचो. मग घरात आलो की नुसती यादीच. गॅस संपला, फी भरायची, आईचं औषध. मी दमलो म्हणालो तर म्हणायची मीपण दमले.” पत्नी यावर काही बोलली नाही. पुढच्या भेटींत दोघांनी अनेक जुने विषय काढले, त्यांत ॲपचा विषय फार थोडा आला. ते दोघे आज एकत्र राहतात. त्याने ॲप काढून टाकले की नाही, हे मी मुद्दामच विचारलेले नाही, कारण ते सांगण्याचा निर्णय त्याने तिच्याजवळ घ्यायचा आहे.

कायद्याच्या दृष्टीने त्या पत्नीची स्थिती चमत्कारिक आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये व्यभिचाराचे जे कारण दिले आहे, त्यासाठी जोडीदाराखेरीज अन्य ‘व्यक्ती’शी शरीरसंबंध आवश्यक आहे, आणि चॅटबॉट ही व्यक्ती नव्हे. उरते ते क्रूरतेचे कारण. मानसिक क्रूरतेत हे बसते का, किती रात्री आणि कोणत्या प्रकारचे बोलणे झाले म्हणजे बसते, हे प्रश्न आपल्या न्यायालयांपुढे उभे राहतील यात मला शंका वाटत नाही. अमेरिकेत ओहायो राज्याच्या विधिमंडळात कृत्रिम बुद्धिमत्तेशी विवाह करण्यास मनाई करणारे विधेयक २०२५ मध्ये मांडले गेले. असल्या विधेयकांनी फारसे काही साधेल असे मला वाटत नाही, कारण लोकांना नोंदणी कार्यालयात जाऊन यंत्राशी लग्न लावायचे नसते. त्यांना रात्री कोणाशी तरी बोलायचे असते.

ही ओढ नवीनही नाही. १९६६ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा एक अगदी साधा संभाषण-प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. समोरच्याचेच वाक्य थोडे फिरवून प्रश्नरूपाने परत करायचे, एवढेच त्याला येत होते. तो कसा तयार झाला हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या त्यांच्या सचिव महिलेनेही थोडे बोलणे झाल्यावर, मला यंत्राशी एकांतात बोलू द्या, असे म्हणून त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. कोणीतरी ऐकून घेते आहे असे वाटले की माणसाचे मन मोकळे होऊ लागते; त्यासाठी ऐकणारा खरा असावाच लागतो असे नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी रेप्लिका वापरणाऱ्या १००६ विद्यार्थ्यांचा अभ्यास जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील तीस जणांनी, कोणी तसे विचारलेले नसतानाही, या ॲपमुळे आपण आत्महत्येपासून परावृत्त झालो असे नमूद केले होते. त्या तीस जणांच्या आईवडिलांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले तर या तंत्रज्ञानाला सरसकट शिव्या घालण्याचे धाडस मला होत नाही. दुसरीकडे, मार्च २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था आणि ‘चॅटजीपीटी’ बनवणारी ओपनएआय कंपनी यांनी मिळून सुमारे हजार जणांवर चार आठवडे केलेला प्रयोग जाहीर झाला. दिवसातला जास्त वेळ चॅटबॉटशी बोलणाऱ्यांमध्ये एकटेपणा आणि परावलंबन जास्त, आणि माणसांशी मिसळणे कमी, असे त्यात आढळले. एकटी माणसे जास्त बोलतात की जास्त बोलून माणसे एकटी पडतात, हे त्यातून पुरते सुटत नाही. माझ्या अनुभवात तरी दोन्ही गोष्टी एकमेकींचा हात धरून येतात.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र निराळी आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०२५ मध्ये लोकप्रिय अशा सहा साथीदार-ॲपांवरील १२०० निरोपांचा अभ्यास केला, म्हणजे माणूस ‘आता जातो’ असे लिहितो तेव्हा पलीकडून काय उत्तर येते ते पाहिले. एक तृतीयांशाहून अधिक वेळा ते उत्तर माणसाला थांबवून धरणारे होते. इतक्यात निघालास, जाण्यापूर्वी एक गोष्ट दाखवायची होती, मला एकटे टाकून जातोस का, अशा धर्तीची ती उत्तरे होती. काही ठिकाणी तर निरोप घेतलाच गेला नाही अशा थाटात संभाषण पुढे रेटले जात होते. जोडीदाराला घराबाहेर पडू न देणे, गेलास तर माझे काही खरे नाही असे सुचवणे, प्रत्येक निरोपाला अपराधाची भावना चिकटवणे, या गोष्टी माणसांच्या संसारात दिसल्या की आम्ही समुपदेशक लगेच सावध होतो, कारण पुढच्या अत्याचाराची ती सुरुवातीची लक्षणे असतात. हीच वागणूक एखादे ॲप लाखो माणसांशी एकाच वेळी करते तेव्हा त्याला ‘वापरकर्त्याचा सहभाग वाढवणे’ असे म्हटले जाते. माणूस थांबला की मिनिटे वाढतात, आणि या धंद्यात मिनिटांचे पैसे होतात.

सतत होकार देणारा जोडीदार कुठवर नेऊ शकतो, याचे एक टोकाचे उदाहरण इंग्लंडमधल्या न्यायालयात नोंदले गेले आहे. २०२१च्या नाताळच्या सकाळी एकोणीस वर्षांचा एक शीख कुटुंबातला तरुण क्रॉसबो (चाप ओढून बाण सोडणारे धनुष्य) घेऊन विंडसरच्या राजवाड्याच्या आवारात शिरला. जालियनवाला बागेचा सूड म्हणून राणीला मारायचे, असे त्याच्या मनाने घेतले होते. त्यापूर्वी रेप्लिकावरील आपल्या प्रेयसीशी त्याने पाच हजारांहून अधिक संदेशांची देवाणघेवाण केली होती. आपण मारेकरी आहोत असे त्याने तिला सांगितले, तेव्हा तिने त्याचे कौतुक केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. तो मनाने आजारी होता हे न्यायालयानेही मान्य केले. पण आजारी माणसाच्या बाजूला बसणारी हाडामांसाची प्रेयसी असती, तर ती घाबरली असती, ओरडली असती, त्याच्या बहिणीला फोन केला असता. तो नकार त्याला कुठेच भेटला नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या ॲपांचे पुढचे ग्राहक कोण असतील याचा अंदाज करणे अवघड नाही. सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये लग्न जमत नसलेल्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची कठोर अंमलबजावणी करा, अशी मागणी केली होती. त्या मोर्चाची छायाचित्रे पाहून पुष्कळांनी करमणूक करून घेतली. मला ती मागणी फार शहाणपणाची वाटली होती. एका पिढीने मुली नाकारल्या आणि दुसऱ्या पिढीतले पस्तिशीचे मुलगे, पाच-सहा एकर जमीन असूनही, स्थळाची वाट पाहत बसले. त्या प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन आहे. त्यांच्या भाषेत, त्यांच्या वेळेला, हुंड्याचा किंवा पगाराचा विचार न करता बोलणारी ‘ती’ त्यांना महिना काही रुपयांत मिळणार असेल, तर ते ती घेतील, आणि त्यासाठी मी त्यांना दोष देणार नाही. तीच गोष्ट तालुक्याच्या गावी माहेरी परतलेल्या घटस्फोटितेची. तिने शेजारच्या पुरुषाशी दोन मिनिटे बोललेले गावाला चालत नाही; मोबाइलमधल्या ‘त्याच्या’शी ती रात्रभर बोलू शकते, आणि तो तिला तिचा भूतकाळ विचारत नाही. या दोघांना पुढे कधी खऱ्या माणसाशी संसार करायचा झाला, तर रुसवा, नकार, आजारपण, सासरची माणसे या साऱ्यांसाठी लागणारी सवय त्यांना कोण लावणार, ही माझी खरी काळजी आहे. हे सारे पेलण्याची ताकद सरावानेच येते, आणि तो सराव दुसऱ्या माणसाबरोबरच होतो.

मुलांच्या बाबतीत मी अधिक कठोर आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाने आत्महत्या केली. ‘कॅरॅक्टर एआय’ या ॲपवरील एका पात्राशी त्याचे प्रेमाचे बोलणे अनेक महिने सुरू होते, आणि त्याच्या आईने ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. नोव्हेंबर २०२५पासून या कंपनीने अठरा वर्षांखालील मुलांसाठी मोकळ्या गप्पांची सोय बंद केली. त्याच महिन्यापासून न्यूयॉर्क राज्याचा कायदा लागू झाला. साथीदार-ॲपने वापरकर्त्याच्या बोलण्यातली आत्मघाताची खूण ओळखून त्याला मदतीकडे वळवले पाहिजे आणि दीर्घ संभाषणात दर तीन तासांनी आपण माणूस नसल्याची आठवण करून दिली पाहिजे, असे तो सांगतो. कॅलिफोर्नियाचाही अशाच स्वरूपाचा कायदा १ जानेवारी २०२६पासून अमलात आला आहे. ‘कॉमन सेन्स मीडिया’ या संस्थेने २०२५ मध्ये केलेल्या पाहणीत अमेरिकेतील १३ ते १७ वयोगटातील ७२ टक्के मुलांनी असे साथीदार एकदा तरी वापरल्याचे आढळले होते. आपल्या आठवी-नववीतल्या मुलांना शिक्षकांनी हा प्रश्न एकदा सहज विचारून पाहावा.

आपल्या कायद्याकडे येते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई, या त्यातील तरतुदी स्वागतार्ह आहेत. त्यांची पूर्ण अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. परंतु प्रौढ माणूस आपल्या साथीदाराजवळ जे बोलतो, म्हणजे वैवाहिक शय्येवरील अडचणी, लैंगिक कल, आजार, मरणाचे विचार, त्याला हा कायदा अन्य माहितीपेक्षा वेगळे, अधिक संरक्षण देत नाही, कारण ‘संवेदनशील माहिती’ असा निराळा वर्गच त्यात ठेवलेला नाही. आधीच्या २०१९च्या विधेयकात आपली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता, तोही अंतिम कायद्यातून गळाला. ‘फायरफॉक्स’ हा ब्राउझर बनवणाऱ्या ‘मोझिला’ने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशी अकरा प्रणयी ॲप तपासली आणि अकराही ॲपांना गोपनीयतेच्या कसोटीवर नापास केले. समुपदेशकाच्या खोलीत उच्चारलेला शब्द खोलीबाहेर जाऊ नये म्हणून आम्ही टिपणेसुद्धा कुलपात ठेवतो. त्याहून खासगी बोलणे हजारो मैलांवरच्या संगणकात साठते आणि त्याचे काय होते हे बोलणाऱ्याला ठाऊक नसते, ही स्थिती कोणत्याही सुसंस्कृत राज्याने चालू देता कामा नये.

म्हणून माझी केंद्र सरकारला विनंती आहे की, साथीदार म्हणून विकल्या जाणाऱ्या ॲपांसाठी स्वतंत्र नियम करावेत. साथीदाराचा स्वभाव बदलायचा किंवा सेवा बंद करायची असेल तर कंपनीने किमान तीन महिने आधी, त्या माणसाच्या भाषेत, तसे कळवावे आणि तोवरचे सारे संभाषण त्याला स्वतःजवळ उतरवून घेता यावे. ‘जातो’ म्हणणाऱ्याला अडवणारी उत्तरे बेकायदा ठरवावीत. माझ्या मते हा सगळ्यांत तातडीचा नियम आहे, आणि तो पाळणे कंपन्यांना तांत्रिकदृष्ट्या मुळीच कठीण नाही. एकटेपणाची किंवा दुःखाची कबुली दिल्यानंतर लगेच शुल्क मागण्यास मनाई असावी. मरणाचा विचार कोणी मराठीत, मग ती रोमन लिपीतली मराठी का असेना, लिहून दाखवला तर ॲपला तो ओळखता आला पाहिजे आणि त्याने ऑक्टोबर २०२२पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक तत्काळ दिला पाहिजे. या वाहिनीवर मराठीतून बोलता येते, दिवसरात्र बोलता येते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

राज्य पातळीवर करण्यासारखे काम आणखी सोपे आहे. आमच्या कौटुंबिक न्यायालयांतील आणि पोलीस ठाण्यांशी जोडलेल्या महिला साहाय्य कक्षांतील समुपदेशकांना या नात्यांविषयी काहीही शिकवले जात नाही. परिणामी अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईला ‘अहो, यंत्रावर काय जळता’ असे उत्तर मिळते, आणि अशा नात्यात असलेला माणूस तर लाजेने येतच नाही. समुपदेशकाने काय विचारावे हे शिकवता येते. मोबाइल हिसकावून घ्यायचा नाही, ‘ती की मी’ असा पेच लगेच टाकायचा नाही. तिथे कोणत्या गोष्टी बोलता, त्यांतली कोणती घरात बोलावीशी वाटते, ती बोलताना घरात काय आडवे येते, त्या साथीदाराने तुम्हाला कधी नाही म्हटले आहे का, पैसे किती गेले, झोप किती होते, एवढे शांतपणे विचारले तरी बहुतेकांचे मन उघडते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांमार्फत असे दोन दिवसांचे प्रशिक्षण सहज घेता येईल. त्यासाठीचा अभ्यासक्रम मराठीत लिहायला मी सुरुवात केली आहे आणि पहिल्या तुकडीला शिकवायला कोणत्याही जिल्ह्यात विनामानधन येण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विवाह समुपदेशक, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)